डोंगरात चालायला परवाना कशाला?

सह्याद्रीतल्या बहुतेक किल्ल्यांवर जायचे ठरले की आपण पाठीवर पिशवी अडकवतो आणि निघतो. उत्तराखंडात नंदादेवी शिखराच्या परिसरात मात्र असे निघता येत नाही. अगोदर वनखात्याकडे अर्ज करून परवाना घ्यावा लागतो. पायी तर चालायचे, मग परवाना कशाला, असे तुम्हाला वाटेल. त्याचे उत्तर थोडे भूगोलात, थोडे पदार्थविज्ञानात आणि थोडे साध्या गणितात आहे.

एकाच दाराचे अंगण

नंदादेवीची उंची 7816 मीटर आहे. तिच्याभोवती उंच शिखरांचे कडे असून त्याच्या आत गवताळ कुरणे व हिमनद्या आहेत. पाण्याला बाहेर पडायला वाट एकच, ती म्हणजे ऋषिगंगेची खोल घळ. याच घळीतून 1934 साली शिप्टन आणि टिलमन हे गिर्यारोहक आपल्या शेर्पा साथीदारांसह आत पोहोचले. 1936 मध्ये टिलमन व ओडेल यांनी शिखर गाठले. पुढे 1974 पासून परदेशी मोहिमांना परवानगी मिळू लागली आणि या अंगणात माणसांची वर्दळ वाढली. तिचे परिणाम लवकरच दिसू लागले.

थंडीचा हिशेब

समुद्रसपाटीपासून वर जाताना दर किलोमीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. म्हणजे 4000 मीटरवर ते समुद्रकाठापेक्षा सुमारे 26 अंशांनी कमी असणार. पालापाचोळा, खरकटे, विष्ठा यांची माती करण्याचे काम सूक्ष्मजीव करतात. तापमान 10 अंशांनी उतरले की त्यांचा वेग ढोबळमानाने निम्मा होतो. आता तुम्हीच हिशेब करा. 26 अंशांच्या फरकाने हा वेग जवळजवळ सहाव्या हिश्श्यावर येतो आणि हिवाळ्यात जमीन गोठली की काम बंदच पडते. आपल्या परसात जे काही आठवड्यांत कुजते, ते तिथे वर्षानुवर्षे पडून राहते. डबे आणि प्लॅस्टिक तर कुजतच नाहीत.

दुसरी गोष्ट सरपणाची. उंचावर हवेचा दाब कमी असल्याने पाणी 100 अंशांना उकळत नाही. 4000 मीटरवर ते सुमारे 87 अंशांनाच उकळते. त्यामुळे उघड्या भांड्यात डाळ शिजायला फार वेळ लागतो आणि लाकूडही जास्त जळते. आता हे लाकूड कशाचे? भूर्जवृक्षांचे आणि जुनिपरच्या झुडपांचे. वाढीचा हंगाम वर्षातून जेमतेम काही महिन्यांचा असल्याने मनगटाएवढी फांदी तयार व्हायला अनेक वर्षे लागतात. चुलीत ती तासाभरात संपते. शिवाय पायवाटेवरची पातळ माती तुडवली जाऊन घट्ट होते. मग पावसाचे पाणी जिरत नाही, वाटेनेच वाहू लागते आणि वाटेची घळ होते.

दार बंद, मग किलकिले

1982 साली या भागाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि लगेच 1983 मध्ये गिर्यारोहण व गुरे चारणे या दोन्हींना बंदी झाली. 1988 मध्ये त्याचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत झाला. 1993 साली भारतीय सेनेच्या अभियंता दलाची एक मोहीम शास्त्रज्ञांसह आत गेली. वनस्पतींची स्थिती सुधारलेली दिसली, पण जुन्या मोहिमांचा कचरा दहा वर्षांनंतरही तिथेच होता! तो जवानांना खाली वाहून आणावा लागला.

पुढे 2003 मध्ये उद्यानाच्या कडेचा थोडा भाग पदभ्रमणासाठी खुला झाला. त्या वेळी घातलेल्या अटी पाहा : काळ 1 मे ते 31 ऑक्टोबर, एका गटात जास्तीत जास्त 5 जण, आठवड्याला 4 गट आणि वर्षाला 500 माणसे. हे आकडे जुळतात का ते तपासून पाहा. आठवड्याला 20 माणसे आणि हंगाम 26 आठवड्यांचा, म्हणजे 520. वर्षाची मर्यादा त्याहून किंचित कमी आहे. जमिनीला पुन्हा सावरायला वेळ मिळावा इतकीच माणसे सोडायची, हे यामागचे तत्त्व. शास्त्रज्ञ याला ‘धारणक्षमता’ म्हणतात. आपल्या साताऱ्याजवळच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात रोजच्या पर्यटकांची संख्या ठरवून दिली जाते, तीही याच विचाराने.

गावकऱ्यांचे काय?

बंदीचा भार मात्र सर्वांवर सारखा पडला नाही. लाता, रैणी या गावांचे लोक पिढ्यान्‌पिढ्या त्या कुरणांत मेंढ्या नेत. मोहिमांचे सामान वाहण्याचे कामही त्यांना मिळे. दोन्ही गेले. हेच ते रैणी गाव, जिथे 1974 साली गौरादेवी आणि त्यांच्या सोबतिणींनी झाडांना मिठी मारण्याचा निर्धार करून तोड थांबवली. ज्यांनी जंगल वाचवले त्यांनाच जंगलाबाहेर ठेवायचे, हे न्यायाचे कसे? 2001 साली लाता येथे गावकऱ्यांनी पर्यटनाविषयी जाहीरनामा काढला आणि जंगलावरील व पर्यटनावरील आपला हक्क मांडला. परवाना घेणाऱ्याने गावातलाच वाटाड्या बरोबर घ्यावा, ही अट म्हणूनच महत्त्वाची आहे. वाटाड्याला वाट माहीत असते, पाहुण्यांवर नजर राहते आणि गावाला रोजगार मिळतो.

नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून जाण्यापूर्वी जोशीमठ येथील वनखात्याच्या कार्यालयात चौकशी करावी. अर्ज लवकर करावा. स्वयंपाकासाठी स्टोव्ह न्यावा आणि नेलेली प्रत्येक वस्तू परत आणावी.

आता एक काम तुमच्यासाठी. शाळेजवळच्या टेकडीवर जा. पायवाटेवर आणि तिच्यापासून दहा पावले दूर असे दोन ठिकाणी तळ काढलेला एकेक डबा मातीत थोडा रोवा. दोन्हींत एकेक पेला पाणी ओता आणि ते जिरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजा. परवाना कशासाठी, हे ते दोन आकडेच तुम्हाला सांगतील.