नायक गुणी कशाला हवा?

कथा-कादंबरीतला शेतकरी बहुतेकदा साधा, सोशिक आणि कष्टाळू असतो. त्याला व्यसन नाही, तोंडात शिवी नाही. पाऊस दगा देतो, सावकार नाडतो आणि वाचक हळहळतो. यवतमाळ जिल्ह्याचं नाव आत्महत्यांच्या बातम्यांशी जोडलं गेल्यापासून हा साचा आणखीच पक्का झाला. पण असा निर्दोष माणूस पुस्तक मिटल्यावर किती दिवस आठवतो?

सतीश मनवर यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) या चित्रपटातला किसना पाहा. गिरीश कुलकर्णींनी रंगवलेला हा विदर्भातला कोरडवाहू शेतकरी हट्टी आहे, घुमा आहे, वैतागलेला आहे. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिल्यावर किसनाची बायको अलका धास्तावते. पोराला ती त्याच्या मागावर ठेवते, त्याला खूश ठेवायला पुरणपोळी करते. दिग्दर्शकाची खुबी इथे आहे. किसना आपल्याला आवडावा म्हणून तो धडपडत नाही; अलकाचा धसका तेवढा आपल्या मनात उतरवतो. मग किसना नजरेआड झाला, की जीव आपलाही टांगणीला लागतो.

उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) या कादंबरीतली कौतिकही अशीच. ज्या जिद्दीने ती संसार ओढते, तीच जिद्द अधूनमधून जाचक वाटते. ‘कोसला’तला (१९६३) पांडुरंग सांगवीकर तर बापाच्या पैशावर पुण्यात उधळपट्टी करतो, तरी पिढ्यान्‌पिढ्या त्याला वाचतात. माणूस असा का वागतो हे उमगलं, की तो आवडो न आवडो, सोडवत नाही.

शेतकऱ्याने आत्महत्या केली, तर त्याच्या घरच्यांना मिळणाऱ्या सरकारी मदतीला निकष लागतात: नापिकी, थकलेलं कर्ज, वसुलीचा तगादा. त्यावर एक लाखाची मदत मिळणार की नाही ते ठरतं. पारावरही ‘दारू पीत होता का?’ हा प्रश्न निघतोच. कादंबरीला यातलं काहीच विचारायची गरज नाही. चिडक्या, उधळ्या, पिणाऱ्या माणसाचा कापूसही बोंडअळी खाते, त्याच्याही दाराशी वसुलीवाले येतात. गोष्ट सांगण्यासाठी त्याला आधी सज्जन करून घेतलं, तर लेखक नकळत एवढंच सांगतो, की वाईट स्वभावाच्या माणसाचं दुःख हिशेबात धरायचं नाही.