बीपी वाढलेल्या गरोदर बाईच्या गुडघ्यावर नर्स हातोडी का मारते?

सीन लेबर वॉर्डमधला. बाईचं डोकं ठणकतंय, बीपी 160/110. आणि सिस्टर अधूनमधून येऊन तिच्या गुडघ्याखाली रबरी हातोडी मारून जातायत. नातेवाईक वैतागतात. बीपीचं बघायचं सोडून गुडघ्याचं काय?

तर, गरोदरपणाच्या 20 आठवड्यांनंतर बीपी 140/90 किंवा त्याच्या वर गेलं आणि लघवीतून प्रोटीन जायला लागलं, किंवा किडनी-लिव्हरवर परिणाम दिसला, की त्याला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. खरी भीती असते झटक्यांची. त्यात आई आणि बाळ दोघांचाही जीव जाऊ शकतो.

झटके रोखायला देतात मॅग्नेशियम सल्फेट. वॉर्डच्या भाषेत मॅगसल्फ. जुनं, स्वस्त औषध. 2002 मध्ये 33 देशांतल्या सुमारे 10,000 महिलांवरच्या 'मॅगपाय' चाचणीचे निकाल आले, त्यात या औषधाने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी झालेला दिसला.

पण हेच औषध रक्तात जास्त साचलं तर आधी गुडघ्याचा झटका बंद होतो, मग श्वास मंदावतो आणि शेवटी हृदय थांबू शकतं. म्हणजे गुडघा हा पहिला अलार्म! हातोडी मारल्यावर पाय उडाला नाही, तर पुढचा डोस थांबवतात.

लघवीच्या पिशवीचंही तेच. मॅगसल्फ शरीराबाहेर पडतं ते लघवीतून. म्हणून तासाला किमान 30 मिली लघवी होतेय ना, हे सिस्टर मोजतात. मिनिटाला श्वास 16 च्या खाली जात नाहीत ना, तेही. आणि उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी ठेवलेलं असतं.

झटका आलाच, तर बाईला कुशीवर वळवतात. तोंडात चमचा घालायचा नाही. आणि हो, कांदा किंवा चप्पल हुंगवायची तर अजिबात नाही.

गावाकडे उपकेंद्रातली एएनएमसुद्धा मॅगसल्फचा पहिला डोस देऊन मग पेशंटला मोठ्या दवाखान्यात पाठवू शकते.

डिलिव्हरी झाली म्हणजे सुटलो, असंही नाही. मॅगसल्फ साधारण पुढचे 24 तास चालू ठेवतात. घरी गेल्यावर सहा आठवड्यांपर्यंत कधीही जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा छातीखाली पोटात दुखणं सुरू झालं, तर 108 ला फोन करा आणि बाळंतपण नुकतंच झालंय, हे आधी सांगा.