शब्दांचे बळ

नागपूर शहराच्या उत्तर भागात जरीपटका नावाची वस्ती आहे. १९४७ साली देशाची फाळणी झाली, तेव्हा सिंध प्रांतातील पुष्कळ कुटुंबे घरदार सोडून भारतात आली. त्यांपैकी अनेकांनी या वस्तीत नवा संसार मांडला.

अशा लोकांना त्या काळी ‘निर्वासित’ म्हणत. सरकारी कागदावर या शब्दामुळे मदत मिळे. परंतु तोच शब्द एखाद्या मुलास हिणवण्यासाठी उच्चारला, की त्याचा अर्थ ‘तू आमचा नव्हेस’ असा होई.

शब्द तोच, मग घाव का बसतो? मोठ्या माणसास ऐकलेल्या बोलाची पारख करता येते. लहान मुलास ती येत नाही. स्वतःविषयी इतर जे बोलतात, तेच त्याला खरे वाटते. ‘तू मठ्ठ आहेस’ असे वारंवार कानी पडले, तर भीतीने छाती धडधडते, लक्ष उडते आणि येत असलेले उत्तरही ओठांवर येत नाही. याउलट, ‘हे गणित चुकले; पुन्हा करून पाहू’ असे म्हटल्यास चूक कळते आणि धीरही खचत नाही.

सिंधी भाषेला १९६७ साली राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले. त्या भाषेत भावाला ‘अदा’ व बहिणीला ‘अदी’ म्हणतात. नव्या सोबत्याला त्याच्याच भाषेत अशी हाक मारावी, बाकावर थोडे सरकून जागा करून द्यावी. एवढ्यानेही त्याचे परकेपण सरू लागते.