विश्लेषण : ऑलिम्पियाडच्या पदकाने आयआयटी, एमआयटीत जागा मिळते का?

गेल्या काही वर्षांत आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाड स्पर्धांमध्ये भारतीय शाळकरी विद्यार्थ्यांची कामगिरी लक्षणीय उंचावली आहे. २०२४ मध्ये ब्रिटनमधील बाथ येथे झालेल्या गणित ऑलिम्पियाडमध्ये भारताने चार सुवर्णपदकांसह चौथे स्थान मिळवले. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबईतच झालेल्या खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी ऑलिम्पियाडमध्ये यजमान संघाला चार सुवर्ण आणि एक रौप्य मिळाले. अशा प्रत्येक बातमीनंतर पालकांचा पहिला प्रश्न असतो, ‘याचा प्रवेशाला उपयोग होतो का?’ काही वर्षांपूर्वी याचे उत्तर जवळपास ‘नाही’ असे होते. आता ते ‘होतो, पण’ असे झाले आहे. या ‘पण’मध्ये बरेच काही दडले आहे.

कोणती ऑलिम्पियाड ग्राह्य धरली जाते?

सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. दुसरी-तिसरीपासून शाळेत पैसे भरून घेतल्या जाणाऱ्या, प्रत्येक वर्गात दोन-चार ‘सुवर्णपदके’ वाटणाऱ्या खासगी परीक्षांच्या नावातही ऑलिम्पियाड असते. त्यातून मुलांना सराव मिळत असेल, हुरूप येत असेल. पण कोणतीही नामांकित संस्था त्यांच्या आधारे प्रवेश देत नाही. महाराष्ट्रात आणखी एक गल्लत होते. सहावी आणि नववीसाठीची डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा ही मुंबईच्या विज्ञान अध्यापक मंडळाची. लेखी, प्रात्यक्षिक, प्रकल्प आणि मुलाखत अशी तिची रचना चांगली आहे. मात्र नावात साम्य असले, तरी मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राशी तिचा संबंध नाही आणि तिच्यातून आंतरराष्ट्रीय संघ निवडला जात नाही.

गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि खगोलशास्त्र या विषयांसाठी देशाचे मध्यवर्ती केंद्र आहे ते हे मानखुर्दचे, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या अखत्यारीतील केंद्र. संगणकशास्त्राच्या ऑलिम्पियाडची व्यवस्था वेगळी असून ती ‘आयएआरसीएस’ ही संगणकशास्त्रज्ञांची संघटना पाहते.

निवडीचे टप्पे कोणते?

गणितात सप्टेंबरच्या सुरुवातीला होणारी ‘आयओक्यूएम’ ही पहिली पायरी. आठवी ते बारावीचे विद्यार्थी तिला बसतात. तीन तासांत ३० प्रश्न सोडवायचे आणि प्रत्येक उत्तर दोन अंकी संख्येत द्यायचे. त्यानंतर विभागीय (आरएमओ) आणि राष्ट्रीय (आयएनएमओ) परीक्षा. येथे पर्याय नसतात; कोऱ्या कागदावर सिद्धता लिहून द्यावी लागते. ‘जेईई’च्या तयारीत मुरलेली मुले अनेकदा इथे अडतात, कारण उत्तर बरोबर असून भागत नाही, ते बरोबर का आहे हे सांगावे लागते. आयएनएमओतून प्रशिक्षण शिबिरासाठी निवड होते आणि शिबिरातून सहा जणांचा संघ.

विज्ञान विषयांत भारतीय भौतिकशास्त्र शिक्षक संघटनेतर्फे नोव्हेंबरमध्ये पहिली परीक्षा होते, त्यानंतर राष्ट्रीय ऑलिम्पियाड आणि मग मानखुर्दचे शिबिर. विषयागणिक काही डझन विद्यार्थीच शिबिरापर्यंत पोहोचतात आणि चार-पाच जण संघात येतात. प्रवेशाच्या दृष्टीने खरा उंबरठा आहे तो राष्ट्रीय फेरीतील यश आणि हे शिबिर. आंतरराष्ट्रीय पदक ही त्यापुढची गोष्ट. पहिल्या फेरीच्या प्रमाणपत्रावर मात्र कुठलेच दार उघडत नाही.

भारतात कोणत्या संस्था प्रवेश देतात?

जुनी परंपरा आहे ती मूलभूत विज्ञानाच्या संस्थांची. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट राष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये चमकलेल्यांना प्रवेश परीक्षेशिवाय घेते. भारतीय सांख्यिकी संस्था आयएनएमओ पुरस्कारप्राप्त विद्यार्थ्यांना बी. स्टॅट. आणि बी. मॅथ.साठी लेखी परीक्षेतून सूट देऊन थेट मुलाखतीला बोलावते. हैदराबादची आयआयआयटी शिबिरापर्यंत पोहोचलेल्यांची मुलाखत घेऊन संशोधनाभिमुख दुहेरी पदवी अभ्यासक्रमात जागा देते.

आयआयटी या बाबतीत उशिरा जाग्या झाल्या. पवईच्या आयआयटीत गणिताच्या बीएस अभ्यासक्रमासाठी गणित ऑलिम्पियाडची वेगळी वाट आहे. आयआयटी कानपूरने २०२५-२६ पासून संगणकशास्त्र, गणित व संख्याशास्त्र, रसायनशास्त्र, जैवअभियांत्रिकी आणि अर्थशास्त्र या विभागांत ऑलिम्पियाडद्वारे प्रवेश सुरू केला. त्याच वर्षापासून आयआयटी मद्रासने पदवीच्या प्रत्येक अभ्यासक्रमात दोन अधिसंख्य जागा ऑलिम्पियाडपटूंसाठी ठेवल्या. त्यांतील एक मुलींसाठी राखीव आहे. यासाठी ‘जेईई अ‍ॅडव्हान्स्ड’ची गुणवत्ता यादी लागत नाही, बारावी उत्तीर्ण होणे मात्र आवश्यक आहे. याच संस्थेच्या खेळाडू आणि कलावंतांसाठीच्या जागांना ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मधील क्रमांक लागतो, हे पाहिले की ऑलिम्पियाडला दिलेली सवलत किती मोठी आहे ते कळते.

तरीही प्रमाण विसरू नये. २०२५ मध्ये सर्व आयआयटींत मिळून १८ हजारांहून अधिक जागा होत्या. ऑलिम्पियाडच्या जागा त्यात चिमूटभर. ज्याचे उद्दिष्ट फक्त आयआयटी आहे, त्याने या वाटेला ‘शॉर्टकट’ समजू नये. ती ‘जेईई’पेक्षा अरुंद आहे.

ही वाट आताच का उघडली?

२०१६ मधील एका प्रकरणाची आठवण यानिमित्ताने होते. संगणक ऑलिम्पियाडमध्ये दोन रौप्य आणि एक कांस्य मिळवणाऱ्या मुंबईच्या १७ वर्षांच्या मुलीला अमेरिकेतील एमआयटीने प्रवेश दिला. सातवीनंतर तिने शाळा सोडून घरीच अभ्यास केला होता. तिच्याकडे दहावी-बारावीचे प्रमाणपत्र नव्हते, त्यामुळे आयआयटीचा प्रश्नच उद्भवत नव्हता. देशात तिला दार उघडले ते चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटने. संगणकात जगाशी टक्कर देणारी मुलगी आपल्या अव्वल अभियांत्रिकी संस्थांना नियमांमुळे घेता येत नाही, यावर त्या वेळी बरीच चर्चा झाली. नियम बदलायला मात्र जवळपास दशक गेले आणि बदललेल्या नियमांतही बारावीची अट कायम आहे. म्हणजे तशी मुलगी आजही आयआयटी मद्रासच्या दारातून परत फिरली असती.

दुसरे कारण उलट दिशेचे आहे. शालेय गुणवत्ता हेरणाऱ्या दोन जुन्या योजना दरम्यान बंद पडल्या. राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा २०२१ नंतर थांबली. १९९९ पासून सुरू असलेली किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना २०२२ मध्ये ‘इन्स्पायर’मध्ये विलीन झाली. बेंगळूरुची भारतीय विज्ञान संस्था आणि आयसर या योजनेच्या यादीतून प्रवेश देत असत. ‘जेईई’शिवाय विज्ञानाकडे जाणारी ती सर्वांत रुंद वाट होती. तिच्या तुलनेत ऑलिम्पियाड फार थोड्यांना सामावून घेते.

अमेरिका, ब्रिटनमध्ये पदकाचे वजन किती?

अमेरिकी विद्यापीठांत पदकासाठी ठरलेली जागा नसते. अर्जाकडे समग्रपणे पाहिले जाते. हार्वर्डच्या प्रवेशपद्धतीविरोधातील खटल्याची २०१८ मध्ये बॉस्टनमध्ये सुनावणी झाली, तेव्हा या पद्धतीचा आतला हिशेब बाहेर आला. एका वर्षीच्या सुमारे २६ हजार देशांतर्गत अर्जदारांपैकी आठ हजारांहून अधिक जणांची शालेय श्रेणी परिपूर्ण होती आणि निवडायचे होते दोन हजारांच्या आसपास. म्हणजे ‘पैकीच्या पैकी’ हा तिथे वेगळेपणाचा पुरावाच राहत नाही. अर्जदाराला शैक्षणिक, शाळाबाह्य, क्रीडा आणि व्यक्तिमत्त्व अशा निकषांवर क्रम दिला जातो. शैक्षणिक निकषातील सर्वोच्च क्रम केवळ गुणांवर नव्हे, तर असामान्य सर्जनशीलता आणि स्वतंत्र अभ्यासाच्या खुणा दिसल्या तर मिळतो. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाड ही अशी खूण आहे, कारण तिची काठिण्यपातळी जगभर एकच असते. मुंबईच्या शाळेतील ९६ टक्के म्हणजे नेमके काय, हे केंब्रिजमधील अधिकाऱ्याला कळणे कठीण. गणित ऑलिम्पियाडमधील रौप्य त्याला लगेच कळते.

एमआयटी आपल्या अर्जात अशा स्पर्धांची विचारणा करते, पण परदेशी विद्यार्थ्यांचे प्रमाण तेथे दहा टक्क्यांच्या आसपासच असते. जगभरचे पदकविजेते याच मोजक्या जागांवर अर्ज करतात. त्यामुळे सुवर्ण मिळवूनही नकार येणे हे तिथे नवल नाही.

ब्रिटनमध्ये पदकाला आणखी कमी भाव आहे. ऑक्सफर्ड, केंब्रिजमध्ये विषयाची परीक्षा आणि मुलाखत निर्णायक ठरते. केंब्रिजला गणितासाठी जाणाऱ्याला ‘स्टेप’ परीक्षेतील श्रेणीची अट साधारणपणे पाळावीच लागते. ऑलिम्पियाडचा फायदा होतो तो याच परीक्षेत आणि मुलाखतीत, कारण विचार मोठ्याने मांडण्याची सवय झालेली असते.

चीन आणि दक्षिण कोरियाने काय केले?

चीनमध्ये एकेकाळी प्रांतीय पातळीवरील पहिल्या श्रेणीच्या पारितोषिकावरही विद्यापीठात थेट प्रवेश मिळत असे. परिणाम व्हायचा तोच झाला, शिकवण्यांचा बाजार फुलला. सरकारने ही सवलत टप्प्याटप्प्याने आवळली. आता ती प्रामुख्याने राष्ट्रीय प्रशिक्षण पथकातील मुलांपुरती उरली आहे. दक्षिण कोरियाने तर शाळेबाहेरच्या स्पर्धांमधील पारितोषिकांचा उल्लेखच विद्यापीठ प्रवेशाच्या अर्जातून हद्दपार केला. खासगी शिकवण्यांना आवर घालण्यासाठी उचललेले हे पाऊल होते. भारतात जागा वाढू लागल्या, की हा प्रश्न आपल्याकडेही येणार. ‘ऑलिम्पियाड फाउंडेशन’ नावाच्या तुकड्या सहावीपासून भरू लागल्याच आहेत.

पदकामुळे प्रवेश की गुणवत्तेमुळे?

‘इतके पदकविजेते एमआयटीत गेले’ असे सांगणाऱ्या जाहिराती एक गोष्ट लपवतात : ही मुले पदकाशिवायही कदाचित तिथे गेली असती. चिकाटी, चांगले शिक्षक, घरी पुस्तके आणि इंटरनेट, शिवाय सल्ला देणारे कोणीतरी हे सारे पदकाच्या आणि प्रवेशाच्याही मागे असते. दोहोंचा संबंध घट्ट आहे, पण एकामुळे दुसरे घडते असे त्यातून सिद्ध होत नाही.

याची दुसरी बाजू रुचिर अगरवाल आणि पॅट्रिक गॉले या अर्थशास्त्रज्ञांच्या २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसते. १९८१ ते २००० या काळात गणित ऑलिम्पियाडमध्ये उतरलेल्या साडेचार हजारांहून अधिक जणांच्या पुढील कारकीर्दीचा त्यांनी मागोवा घेतला. स्पर्धेत जितके गुण अधिक, तितके पुढचे गणिती संशोधन अधिक, असे त्यांना आढळले. पण समान गुण मिळवूनही गरीब देशांत जन्मलेल्यांचे संशोधन श्रीमंत देशांतील मुलांपेक्षा बरेच कमी होते. बुद्धी सारखी असूनही पुढच्या संधी सारख्या नव्हत्या. म्हणूनच जागा नेमक्या कोणत्या देशात, कोणत्या संस्थेत आणि किती शिष्यवृत्तीसह मिळतात, हा प्रश्न पदकाइतकाच महत्त्वाचा ठरतो.

अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांची अडचण काय?

वेळापत्रक. राष्ट्रीय ऑलिम्पियाडच्या परीक्षा जानेवारी-फेब्रुवारीत येतात, त्याच सुमारास ‘जेईई मेन’चे पहिले सत्र आणि बारावीच्या प्रात्यक्षिकांची धांदल. शिबिरे एप्रिल ते जून या काळात, म्हणजे थेट ‘अ‍ॅडव्हान्स्ड’च्या तोंडावर. म्हणूनच अनेक जण दहावी-अकरावीतच ऑलिम्पियाडचा जोर लावतात आणि बारावीत ती बाजूला ठेवतात. जे ठेवत नाहीत, त्यांची दोन्हीकडे ओढाताण होते. ‘इंटिग्रेटेड’ शिकवण्यांच्या साच्यात तर सिद्धता लिहिण्याच्या सरावाला वेळच नसतो.

जिल्ह्याच्या ठिकाणच्या विद्यार्थ्याला आणखी एक अडचण असते, ती माहितीची. शाळेत सांगणारे कोणी नसते आणि नोंदणीची मुदत पावसाळ्यातच संपून जाते. गणितासाठी जून ते ऑगस्ट आणि विज्ञानासाठी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये लक्ष ठेवावे लागते. आपली शाळा केंद्र नसेल, तर जवळच्या केंद्रात नाव नोंदवता येते. मागील अनेक वर्षांच्या प्रश्नपत्रिका होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहेत.