थ्रेडचा सेवादर्जा : आधी कोणाचे काम?

संगणकावर किंवा फोनवर चालणारा प्रत्येक प्रोग्राम आपले काम एका किंवा अनेक थ्रेडमध्ये वाटून घेतो. थ्रेड म्हणजे एकामागून एक पार पाडायच्या सूचनांची सलग साखळी. प्रोसेसरचा एक कोअर एका वेळी साधारणपणे एकच थ्रेड चालवतो. लॅपटॉपमध्ये कोअर असतात आठ-दहा आणि थ्रेड असतात हजारांच्या घरात. त्यातले बहुतेक कशाची तरी वाट पाहत निजलेले असतात. पण जागे असलेले थ्रेडही कोअरपेक्षा जास्त झाले की कोणाला आधी घ्यायचे हे ठरवावे लागते. ते ठरवतो ऑपरेटिंग सिस्टिममधला शेड्यूलर, आणि हा निर्णय त्याला दर काही मिलिसेकंदांनी नव्याने घ्यावा लागतो.

यासाठीची जुनी पद्धत आकड्यांची. लिनक्समध्ये उणे 20 ते 19 अशी पट्टी आहे; आकडा जितका लहान तितका मान मोठा. विंडोजमध्ये 0 ते 31 अशा पायऱ्या आहेत. आकड्यांत एक मूळचीच अडचण आहे. आपल्या कामाला किती आकडा द्यायचा हे प्रोग्राम लिहिणारा ठरवतो, आणि शेजारच्या प्रोग्रामने काय मागितले आहे याची त्याला कल्पना नसते. शिवाय आपले काम दुय्यम आहे असे आपणहून कोण लिहून देणार? सगळ्यांनीच वरचे आकडे मागितले की आकड्याला काही अर्थ उरत नाही.

2014 मध्ये ॲपलने आयओएस 8 आणि मॅकच्या योसेमिटी आवृत्तीत प्रश्नच बदलला. काम किती महत्त्वाचे हे विचारायचे नाही. ते कशासाठी आहे आणि त्याची वाट कोण पाहत आहे एवढेच विचारायचे. या उत्तरावरून थ्रेडला एक सेवादर्जा मिळतो, आणि पुढचा हिशेब ऑपरेटिंग सिस्टिम करते. मुख्य दर्जे चार. काहीच न सांगणाऱ्यांसाठी मधला एक ठरीव दर्जाही आहे.

हे चार दर्जे एकाच वेळी कामाला लागलेले पाहायचे तर एक साधा व्हिडिओ कॉल पुरेसा आहे. कतारच्या पश्चिम किनाऱ्यावर, दोह्यापासून सुमारे 80 किलोमीटरवर दुखान हे तेलनगर आहे. समजा, तिथल्या एका मराठी घरातून शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मॅकबुकवरून सांगलीला आजीशी बोलणे चालू आहे. खिडकीतले चित्र सतत नव्याने रंगवणे आणि बटण दाबताच प्रतिसाद देणे हे सर्वांत वरच्या दर्जाचे काम. इथे क्षणभराचा उशीरही डोळ्यांना खुपतो. बोलता बोलता कोणी पाठवलेली पत्रिका उघडायला सांगितली, तर ते दुसऱ्या दर्जाचे काम. माणूस समोर बसून वाट पाहत आहे, पण एक-दोन सेकंद थांबायची त्याची तयारी असते. लग्नाच्या फोटोंचा अल्बम उतरत आहे आणि पट्टी हळूहळू भरत आहे, हे तिसऱ्या दर्जाचे. त्याला काही मिनिटे लागली तरी कोणी तक्रार करत नाही. आणि जुन्या फोटोंतले चेहरे ओळखून लावणे, बॅकअप घेणे, फायलींची सूची तयार करणे ही चौथ्या, पार्श्वभूमीच्या दर्जाची कामे. ती रात्रीतून झाली तरी चालतात.

आजीचा आवाज मात्र या चारही दर्जांच्या वर असतो. आवाजाचे सेकंदाला 48,000 नमुने आणि एका घासात, म्हणजे एका वेळी पुढे द्यायच्या तुकड्यात, 512 नमुने असे धरले, तर ध्वनीच्या थ्रेडला दर 10.7 मिलिसेकंदांनी नवा घास तयार ठेवावाच लागतो. एक चुकला तरी कानाला खरखर ऐकू येते. म्हणून मॅकवर अशा थ्रेडना वेगळी, वेळेने बांधलेली वागणूक मिळते. चित्र अडखळले तरी संभाषण चालू राहते, आवाज तुटला की ते संपते. त्यामुळे ही उतरंड योग्यच आहे.

सेवादर्जा फक्त रांगेतली जागा ठरवत नाही. डिस्कवर लिहायला आणि डिस्कवरून वाचायला कोणाला किती वाव द्यायचा, टायमर अचूक वाजवायचा की चार टायमर एकत्र करून प्रोसेसरला थोडी झोप मिळू द्यायची, हेही त्यावरून ठरते. नोव्हेंबर 2020 मध्ये आलेल्या ॲपलच्या एम1 चिपमध्ये चार वेगवान आणि चार काटकसरी कोअर आहेत. पार्श्वभूमीच्या दर्जाचे थ्रेड तिथे काटकसरी कोअरवरच चालतात, वेगवान कोअर रिकामे असले तरीही. पहिल्यांदा ऐकताना हे विचित्र वाटते. पण बॅकअप तासाभराने उशिरा संपला तर कोणाचे काही बिघडत नाही, आणि बॅटरी वाचते, यंत्र थंड राहते. मायक्रोसॉफ्टने 2021 मध्ये विंडोजसाठी इकोक्यूओएस नावाने हाच विचार आणला. विंडोज 11 च्या टास्क मॅनेजरमध्ये काही प्रोग्रामांपुढे दिसणारे हिरवे पान त्याचीच खूण आहे.

थंड राहण्याला दुखानसारख्या ठिकाणी फार किंमत आहे. आयफोन 0 ते 35 अंश सेल्सिअसच्या हवेत वापरावा, असे ॲपल सांगते; कतारमध्ये उन्हाळ्यात पारा 45 च्या पुढे जातो. फोन तापला की प्रोसेसरचा वेग उतरवावा लागतो आणि सगळ्यांना पुरेल एवढी ताकद उरत नाही. अशा वेळी कोणते काम मागे ठेवले तर माणसाला कळणारही नाही, हे सेवादर्जा सांगतो. कतारमध्ये 1 जून ते 15 सप्टेंबर या काळात सकाळी 10 ते दुपारी 3:30 उघड्यावरच्या कामाला बंदी असते; काम रद्द होत नाही, उन्हाच्या वेळेबाहेर सरकते. पार्श्वभूमीच्या थ्रेडचेही तसेच. आयफोनवर लो पॉवर मोड चालू केला की ही कामे थांबवली जातात आणि नंतर पुन्हा सुरू होतात.

या व्यवस्थेतला सर्वांत अवघड पेच मात्र वेगळाच आहे : वरच्या दर्जाचा थ्रेड खालच्या दर्जाच्या थ्रेडसाठी अडकून बसतो. खालच्या थ्रेडने एखाद्या सामाईक माहितीला कुलूप लावले आहे. वरच्याला तीच माहिती हवी आहे, म्हणून तो थांबतो. तेवढ्यात मधल्या दर्जाचे थ्रेड येऊन कोअर बळकावतात, खालच्याला कुलूप उघडण्यापुरताही वेळ मिळत नाही, आणि सर्वांत महत्त्वाचे काम सर्वांत शेवटी जाते.

4 जुलै 1997 रोजी मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानात हेच घडले. हवामानाची नोंद ठेवणाऱ्या खालच्या थ्रेडकडे कुलूप होते, यानातल्या माहितीची ने-आण सांभाळणारा वरचा थ्रेड खोळंबला, आणि मध्ये दळणवळणाचे लांबलचक काम चालू राहिले. ठरल्या वेळी मुख्य काम झाले नाही, हे पाहून पहारा देणारी यंत्रणा यानाचा संगणक पुन्हा पुन्हा सुरू करत राहिली. उपाय आधीच माहीत होता. लुई शा, रघुनाथन राजकुमार आणि जॉन लेहोझ्की यांनी 1990 च्या शोधनिबंधात प्राधान्याच्या वारशाची रीत मांडली होती : कुलूप उघडेपर्यंत खालच्या थ्रेडला वरच्याचा मान उसना द्यायचा. यानातल्या व्हीएक्सवर्क्स प्रणालीत ही सोय होती, पण त्या कुलपासाठी बंद ठेवलेली होती. पृथ्वीवरून ती चालू केल्यावर दुखणे थांबले.

ॲपलची सेवादर्जाची व्यवस्थाही हा उसना मान देते, पण कुलूप कोणाकडे आहे हे ठाऊक असेल तरच. सेमाफोर नावाच्या साधनाला मालकच नसतो. तो पुढे कोण मोकळा करणार, हे सिस्टिमला कळायला मार्ग नाही. वरच्या दर्जाचा थ्रेड सेमाफोरवर थांबवून ठेवणे म्हणूनच धोक्याचे आहे, आणि तरीही ही चूक आजही सर्रास होते.

सेवादर्जाने मिळते ते झुकते माप. वेळेची हमी मिळत नाही. हा फरक दुखानच्याच तेलक्षेत्रात स्वच्छ दिसतो. अशा ठिकाणी दाब मर्यादेबाहेर गेला तर झडप ठरलेल्या वेळेत बंद झालीच पाहिजे. ‘बहुधा लवकर’ हे उत्तर तिथे चालत नाही.

अशा कामांचे गणित निराळे असते. लिऊ आणि लेलँड या संशोधकांनी 1973 मध्ये दाखवून दिले, की ठरावीक अंतराने परतणाऱ्या आणि एकमेकांवर अवलंबून नसलेल्या कामांत ज्याचा फेरा लहान त्याला वरचा क्रम दिला, तर प्रोसेसरवरचा भार सुमारे 69 टक्क्यांच्या आत असेपर्यंत एकही मुदत चुकत नाही. पुढे मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक झालेले कृती रामामृतम आणि जॉन स्टँकोविक यांनी अमेरिकेत स्प्रिंग नावाची प्रणाली उभारली. तिच्यात नवे काम आले की ते मुदतीत बसते का हे आधी तपासले जाते आणि मगच त्याची हमी दिली जाते.

तेल आणि वायूच्या प्रकल्पांत आपत्कालीन शटडाऊनची यंत्रणा म्हणूनच नेहमीच्या संगणकांवर सोपवत नाहीत. तिचे कंट्रोलर वेगळे असतात आणि ठरलेल्या फेऱ्याने तेवढेच काम करत राहतात. कंट्रोल रूममधल्या पडद्यावरचा आलेख क्षणभर अडखळला तरी चालते, कारण झडप बंद करण्याचा आदेश त्या पडद्यामागच्या संगणकातून जात नाही.