पोलंडचा शेवटचा राजा : ‘कॅथरीनचा प्रियकर’ एवढीच ओळख का?

रशियाच्या कॅथरीनचा विषय निघाला की पोलंडच्या शेवटच्या राजाचा उल्लेख हटकून होतो आणि तो एका वाक्यात संपतो : कॅथरीननं आपल्या जुन्या प्रियकराला गादीवर बसवलं, तो तिच्या तालावर नाचला आणि देश घालवून बसला. व्याख्यानांत हे ऐकू येतं, कॅथरीनवरच्या मालिका पाहिलेली मंडळी हे सांगतात, एरवी नीट वाचणारी माणसंही मान डोलावतात. या वाक्याचा पहिला तुकडा खरा आहे. उरलेलं वाक्य घटनांचा क्रमच उलटा करून टाकतं, आणि ते इतक्या वेळा ऐकल्यावर आता सविस्तर लिहिणं भाग आहे.

आधी खरं काय ते. या राजाचा, म्हणजे स्तानिस्वाव पोन्यातोव्स्कीचा, जन्म १७३२चा. त्याची आई चार्तोरिस्की या बड्या घराण्यातली. १७५५ साली ब्रिटिश राजदूत सर चार्ल्स हॅनबरी विल्यम्स यांच्याबरोबर तो सेंट पीटर्सबर्गला गेला. कॅथरीन तेव्हा सम्राज्ञी नव्हती, रशियाच्या युवराजाची बायको होती. दोघांचं प्रेम जमलं. १७५७च्या अखेरीस कॅथरीनला झालेली मुलगी त्याचीच मानली जाते. ती दीड वर्षाचीही होण्याआधी वारली. १७५८ मध्ये पोन्यातोव्स्कीला रशिया सोडावा लागला आणि प्रकरण तिथेच संपलं.

चार वर्षांनी नवऱ्याला पदच्युत करून कॅथरीन गादीवर आली. पोन्यातोव्स्की परत यायला आतुर होता. ‘येऊ नकोस’ असं तिनं पत्रानं बजावलं आणि त्याच पत्रात पोलंडच्या राजपदाचं आश्वासन दिलं. तोवर तिच्या आयुष्यात ग्रिगोरी ओर्लोव्ह हा नवा प्रियकर होता. म्हणजे राजपद हे प्रेमाचं बक्षीस नव्हतं, जुन्या प्रेमिकाला दूर ठेवण्याची सोय मात्र त्यात होती. आणि तिच्या हिशेबात ही सोयसुद्धा दुय्यम होती. खरा हिशेब ११ एप्रिल १७६४च्या रशिया-प्रशिया तहात लिहून ठेवलेला आहे. दोन्ही दरबारांनी पोन्यातोव्स्कीच्या नावावर एकमत केलं आणि गुप्त कलमांत ठरवलं की पोलंडची राज्यपद्धती आहे तशीच ठेवायची, त्यासाठी गरज पडली तर बळ वापरायचं. परदेशी राजघराण्याचं पाठबळ नसलेला, स्वतःची फौज नसलेला आणि बड्या सरदारांच्या मानानं कमी श्रीमंत असलेला माणूस त्यांना हवा होता. ‘प्रियकर’ या शब्दानं यातलं काहीच उलगडत नाही.

‘आहे तशीच’ ठेवायची ती राज्यपद्धती कशी होती हे पाहिल्याशिवाय पुढचं कळत नाही. पोलंड आणि लिथुएनिया यांचं ते संयुक्त राज्य होतं आणि त्याचा राजा उमराववर्ग निवडून देत असे. सेयम या तिथल्या संसदेत ‘लिबेरुम व्हेटो’ नावाचा प्रघात होता : एका सभासदानं नकार दिला की अधिवेशन मोडायचं आणि तोवर झालेले सगळे निर्णय रद्द व्हायचे. शेजारी राष्ट्रांना एक सभासद विकत घेतला तरी पुरे होई. आधीचा राजा तिसरा औगुस्त याच्या तीस वर्षांच्या कारकिर्दीत एकच अधिवेशन, १७३६चं, तडीस गेलं. सैन्याची मर्यादा १७१७ पासून २४ हजारांवर बांधलेली होती आणि प्रत्यक्षात तेवढेही सैनिक नसत. हे सगळं पोन्यातोव्स्की गादीवर येण्याआधीचं आहे. देश त्यानं खिळखिळा केला असं म्हणणाऱ्यांनी ही दोन-तीन साल-आकड्यांची वाक्यं पुन्हा वाचावीत.

७ सप्टेंबर १७६४ रोजी वॉर्साजवळच्या वोला इथे त्याची निवड झाली. रशियन फौजा देशात होत्या, हे खरं आहे आणि ते लपवायचं कारण नाही. पानिपतच्या लढाईला तेव्हा साडेतीन वर्षं झाली होती. मराठी वाचकाला काळ मनात बसवायला एवढी खूण पुरे. राजा होताना आणि झाल्यावर त्यानं काय केलं? त्याच्या चार्तोरिस्की मामांनी आणि त्यानं मिळून त्याच वर्षी खजिना आणि सैन्य यांच्यासाठी मंडळं नेमली आणि सर्वांना लागू होणारी जकात बसवली. १७६५ मध्ये वॉर्सात लष्करी विद्यालय उघडलं; तादेउश कोश्च्युश्को याच विद्यालयात शिकला. त्याच वर्षी ‘मोनिटोर’ हे नियतकालिक आणि सार्वजनिक नाटकशाळा सुरू झाली. पुढच्या वर्षी नाणी सुधारली. जकात बसताच प्रशियाच्या दुसऱ्या फ्रेडरिकनं व्हिस्तुला नदीवर क्विजिन इथे तोफा रोखून पोलिश गलबतांकडून स्वतःची जकात उकळायला सुरुवात केली आणि पोलंडची जकात मागे घ्यायला लावली. १७६६ मध्ये राजाच्या पक्षानं करांचे आणि सैन्याचे निर्णय बहुमतानं घ्यायचा प्रयत्न केला. रशिया आणि प्रशिया दोघांनीही युद्धाची धमकी देऊन तो हाणून पाडला.

तालावर नाचणारा राजा असता तर धमकीची गरज कशाला पडली असती? वॉर्सातला रशियन राजदूत निकोलाय रेपनिन यानं १७६७च्या ऑक्टोबरात दोन बिशप, एक सेनापती आणि त्याचा मुलगा यांना भर अधिवेशनाच्या काळात पकडून रशियातल्या कालुगाला पाठवलं. मग १७६८ मध्ये लिबेरुम व्हेटो आणि राजाची निवडणूक कायम ठेवणारे ‘मूलभूत कायदे’ सेयमकडून मंजूर करून घेतले आणि त्यांना रशियाची हमी जोडली. म्हणजे पोलंड सुधारू नये याची हमी शेजारच्या सम्राज्ञीनं कायद्यानं घेतली.

राजाची खरी कोंडी इथे सुरू होते. रशियाविरुद्ध बार इथे जमलेल्या उमरावांनी बंड केलं. त्यांच्या लेखी राजा रशियाचा हस्तक होता. कॅथरीनच्या लेखी तो कृतघ्न होता. ३ नोव्हेंबर १७७१च्या रात्री बंडवाल्यांनी वॉर्साच्या रस्त्यातून त्याला पळवून नेलं. त्याच रात्री तो सुटला. दुसऱ्याच वर्षी रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी देशाचा जवळजवळ तिसरा हिस्सा वाटून घेतला. फाळणीला मान्यता देणाऱ्या त्याच सेयमच्या काळात, ऑक्टोबर १७७३ मध्ये, राष्ट्रीय शिक्षण आयोग स्थापन झाला. जेसुइट हा कॅथलिक धर्मसंघ पोपनं बरखास्त केल्यावर त्याच्या शाळा आणि मालमत्ता या आयोगाच्या हाती आल्या. शिक्षण ही सरकारची जबाबदारी मानून सबंध देशासाठी खातं उभारणारा युरोपातला हा अगदी आरंभीचा प्रयत्न होता, आणि त्यामागे हा राजा उभा होता.

प्रेमकहाणीचा शेवटचा अंकही सांगून टाकतो, कारण मालिकांना तो सोयीचा नसावा. १७५८ नंतर हे दोघं फक्त एकदा भेटले. १७८७च्या मे महिन्यात कॅथरीन क्रिमियाकडे निघाली होती, तेव्हा नीपर नदीवर कानिवजवळ तिच्या जहाजावर भेट झाली. भेट काही तासांची होती. राजानं रात्री केलेल्या मेजवानीला ती गेली नाही, आणि त्यानं सुचवलेल्या युतीवरही तिनं काही कबूल केलं नाही.

पुढच्या वर्षी रशिया तुर्कस्तानाशी लढण्यात गुंतला होता आणि वॉर्सात चार वर्षं चाललेलं सेयम भरलं. राजा आणि विरोधी पक्षाचे पुढारी इग्नात्सी पोतोत्स्की, हुगो कोवोन्ताय, स्तानिस्वाव मावाखोव्स्की एकत्र आले. नव्या राज्यघटनेच्या मसुद्यावर राजानं स्वतः काम केलं. इटालियन पाद्री शिपिओने पियातोली त्यांचा मध्यस्थ होता. ईस्टरच्या सुट्टीनंतर पुष्कळ सभासद परतले नव्हते, तो मोका साधून ३ मे १७९१ रोजी ती मंजूर करून घेतली. लिबेरुम व्हेटो रद्द झाला, गादी पिढीजात करायचं ठरलं, मंत्री सेयमला जबाबदार झाले. आधीच्या महिन्यातला शहरांविषयीचा कायदाही घटनेचा भाग बनला. पद्धत घाईची होती, हे मान्य करायला हवं. पण १७९२च्या फेब्रुवारीत प्रांतोप्रांतीच्या उमरावसभा भरल्या, तेव्हा बहुसंख्य सभांनी घटनेला पाठिंबा दिला.

हा क्रम लक्षात घ्या. पहिली फाळणी झाली तेव्हा देश दुबळा होता. पुढच्या दोन्ही फाळण्या देश सावरू लागल्यावर झाल्या. मे १७९२ मध्ये घटनेच्या विरोधातल्या काही बड्या सरदारांनी तार्गोवित्सा इथून बंड जाहीर केलं. त्याचा मसुदा आधीच सेंट पीटर्सबर्गमध्ये तयार झाला होता. त्यापाठोपाठ जवळजवळ लाखभर रशियन सैन्य आत शिरलं. १७९०च्या तहानं मदतीला बांधलेला प्रशिया हात झटकून मोकळा झाला. राजाचा पुतण्या युझेफ पोन्यातोव्स्की झेलेंत्सेला जिंकला, कोश्च्युश्को दुबिएन्काला नेटानं लढला, तरी फौजा मागेच हटत होत्या.

आणि मग २४ जुलै १७९२. राजा तार्गोवित्साच्या बाजूला गेला. त्याच्यावरचा खरा आरोप इथे आहे आणि तो टाळता येत नाही. मी फौजेबरोबर जाऊन उभा राहीन असं त्यानं जाहीर केलं होतं आणि तो गेला नाही. पुतण्यानं आणि कोश्च्युश्कोनं राजीनामे दिले. सैन्य अजून शाबूत होतं, आणखी काही आठवडे लढून बऱ्या अटी मागता आल्या असत्या, असं अनेक पोलिश इतिहासकार मानतात. मलाही तेच पटतं. पण याला ‘देश विकला’ म्हणता येत नाही. आदल्या दिवशी त्यानं मंत्र्यांची मतं घेतली, तेव्हा बहुमत शरणागतीच्या बाजूनं होतं आणि त्यात घटनेचा कडवा कैवारी कोवोन्तायही होता. शरण गेलो तर घटनेतलं काही तरी वाचेल आणि देशाचे आणखी तुकडे होणार नाहीत, असा राजाचा अदमास होता. तो साफ चुकला. सहा महिन्यांत, २३ जानेवारी १७९३ रोजी, रशिया आणि प्रशियानं दुसऱ्या फाळणीचा करार केला. ग्रोद्नो इथे रशियन सैनिकांनी वेढलेल्या सेयममध्ये सभासद गप्प बसून राहिले, तेव्हा ते मौन हीच संमती धरली गेली.

त्याच्या बाजूनं एवढं सगळं लिहिलं म्हणून त्याची कर्जं पुसली जात नाहीत. तो आयुष्यभर कर्जात होता आणि रशियाकडून पैसे घेत होता. त्या पैशानं त्याचे हात बांधले गेले. हे ॲडम झामोइस्की यांच्या राजावरच्या इंग्रजी चरित्रात आहे, आणि झामोइस्की त्याच्याविषयी सहानुभूतीनं लिहिणारे आहेत. रिचर्ड बटरविक यांनी त्याच्यावरच्या इंग्रजी विचारांच्या प्रभावाचा अभ्यास केला आहे. यातलं एक पुस्तक वाचलं तरी ‘प्रियकर’ हा शब्द उच्चारताना माणूस थबकेल.

उरलेले गैरसमज पटापट.

३ मेची घटना जगातली पहिली नव्हे. अमेरिकेची १७८७ची तिच्या आधीची. युरोपातली पहिली आधुनिक लिखित राष्ट्रीय घटना असं तिला सामान्यतः म्हणतात, आणि फ्रान्सची घटना तिच्यानंतर चार महिन्यांनी आली.

तिनं शेतकऱ्यांना वेठबिगारीतून सोडवलं नाही. त्यांना कायद्याच्या संरक्षणाखाली घेतल्याचं तिनं जाहीर केलं, बस्स. वेठ कमी करण्याचं पाऊल रशियाविरुद्धच्या उठावाचं नेतृत्व करणाऱ्या कोश्च्युश्कोनं मे १७९४ मध्ये पोवानियेत्सच्या जाहीरनाम्यात उचललं.

‘राजा फक्त महाल बांधत आणि चित्रं जमवत बसला’ हेही अर्धवट. वॉर्साचा वाझिएन्की महाल त्यानंच फुलवला. पण त्याच्या दरबारातल्या बेलोत्तो या चित्रकारानं काढलेली वॉर्साची बारीक तपशिलांची चित्रं दुसऱ्या महायुद्धात बेचिराख झालेलं जुनं शहर पुन्हा उभारताना वापरली गेली.

त्यानं हौसेनं पदत्याग केला नाही. १७९४चा उठाव मोडला, तिसरी फाळणी झाली आणि ग्रोद्नोला नेलेल्या राजाकडून २५ नोव्हेंबर १७९५ रोजी सही घेण्यात आली. ३१ वर्षांपूर्वी याच तारखेला त्याचा राज्याभिषेक झाला होता आणि हाच दिवस संत कॅथरीनचा, म्हणजे सम्राज्ञीच्या नामदिनाचा. ती पुढच्या वर्षी वारली. तिच्या मुलानं त्याला सेंट पीटर्सबर्गला आणलं आणि १२ फेब्रुवारी १७९८ रोजी तो तिथेच मरण पावला.

आणि ‘पोलंडच्या पतनाबरोबर घटनाही विस्मरणात गेली’ हा शेवटचा. १९१८ मध्ये पोलंड पुन्हा स्वतंत्र झाला आणि पुढच्याच वर्षी तिथल्या सेयमनं ३ मे हा राष्ट्रीय सण ठरवला. साम्यवादी राजवटीत तो दडपला गेला आणि १९९० पासून पुन्हा अधिकृतपणे साजरा होतो आहे.