लाहोर आघाडी आणि नाशिकरोडचे हस्तलिखित

१० जानेवारी ही तारीख आपल्याकडे कुणी पाळत नाही. २५ जून आला की लेख येतात, परिसंवाद होतात, तुरुंगातल्या आठवणी निघतात, आणि ते योग्यच आहे. पण १० जानेवारी १९६८ रोजी या देशातली पहिली आणीबाणी उठली, हे त्या परिसंवादांतल्या वक्त्यांनाही सांगावे लागते. चीनचे सैन्य ईशान्येत आणि लडाखमध्ये घुसल्यावर २६ ऑक्टोबर १९६२ ला ती पुकारली गेली. चीनने २१ नोव्हेंबरला एकतर्फी शस्त्रसंधी जाहीर केली. म्हणजे लढाई महिनाभर चालली आणि आणीबाणी पाच वर्षांहून अधिक. मधल्या काळात पंडित नेहरू गेले, शास्त्रीजी गेले, एक सार्वत्रिक निवडणूकही आणीबाणीतच पार पडली.

आमच्यातले काही विद्वान १९७५ ला एका व्यक्तीच्या स्वभावाचा अपघात मानतात. त्यांच्याशी माझा वाद जुना आहे. १९७५ मध्ये जी हत्यारे वापरली गेली, ती सगळी युद्धाच्या नावाने आधीच घडवून ठेवलेली होती. दुसरा पक्ष याहून जुना आणि जास्त आडमुठा. युद्धात न्यायालयांनी गप्पच बसायचे असते, नागरी हक्क ही शांततेच्या काळातली चैन आहे, असे तो म्हणतो. या दोघांनाही माझे उत्तर १९६५ सालच्या एका निकालात आहे. तिथे पोहोचण्याआधी मागचे थोडे आवरून घेतो.

१९१५ चा भारत संरक्षण कायदा सर्वांना माहीत आहे. लाहोर कटाचे खटले त्याच्याखाली चालले, १९१७ मध्ये ॲनी बेझंट त्याच्याखाली स्थानबद्ध झाल्या, टिळकांना पंजाबात आणि दिल्लीत पाऊल टाकायला बंदी झाली तीही त्याच कायद्याने. महायुद्ध संपल्यावर कायदाही संपायला हवा होता. तो संपू नये म्हणून रौलट कायदा आला, आणि पुढचे जालियनवाला बागेपर्यंतचे सारे शाळेच्या पुस्तकात आहे.

दुसऱ्या महायुद्धातली एक गोष्ट मात्र पुस्तकात नाही आणि ती आपल्या मुंबईची आहे. १९३९ च्या भारत संरक्षण नियमांतला नियम २६ म्हणजे स्थानबद्धतेचा नियम. बेचाळीसच्या चळवळीत हजारो माणसे त्याच्याखाली आत गेली. केशव तळपदे हे त्यांच्यातले एक. मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना दाद दिली नाही, तेव्हा त्यांचे अपील दिल्लीच्या फेडरल कोर्टात गेले. सर मॉरिस ग्वायर मुख्य न्यायाधीश. २२ एप्रिल १९४३ ला त्या कोर्टाने सांगितले, की मूळ कायद्याने सरकारला जेवढा अधिकार दिला त्यापलीकडे हा नियम जातो, सबब नियमच अवैध. जपान ब्रह्मदेशात येऊन बसला होता, गांधीजी आगाखान पॅलेसमध्ये कैदेत होते, आणि इंग्रज न्यायाधीश इंग्रज सरकारला हे ऐकवत होता. सरकारने आठवडाभराच्या आत वटहुकूम काढला आणि नियमाला मागील तारखेपासून वैध करून टाकले. ही युक्ती आपण स्वातंत्र्यानंतर जशीच्या तशी उचलली. कोर्टाने भोक दाखवायचे आणि सरकारने ते रातोरात बुजवायचे.

लंडनमध्ये त्याच्या दीड वर्ष आधी लिव्हरसिज खटल्यात लॉर्ड ॲटकिन एकटे पडले होते. गृहमंत्र्याला नुसते वाटून चालणार नाही, तसे वाटायला रास्त कारण आहे हे कोर्टाला पाहता आले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून मी थांबत नाही. घटना समितीतला वादही बहुतेकांना ठाऊक आहे. ऑगस्ट १९४९ मध्ये मूलभूत हक्कांसाठी कोर्टात जाण्याचा मार्ग बंद करणारे कलम मंजूर झाले, त्या दिवसाला हरि विष्णू कामथ यांनी लाजेचा आणि दुःखाचा दिवस म्हटले. जर्मनीच्या वायमार घटनेचा दाखला त्यांनी दिला, पण त्यांचे कुणी ऐकले नाही. तेच आपले कलम ३५९.

आता १९६२. आणीबाणीबरोबर त्याच दिवशी भारत संरक्षण वटहुकूम आला, डिसेंबरात त्याचा कायदा झाला. ३ नोव्हेंबरला राष्ट्रपतींचा आदेश निघाला, की या कायद्याखाली ज्याचे स्वातंत्र्य हिरावले गेले असेल त्याला कलम २१ आणि २२ यांच्या, आणि थोड्याच दिवसांत कलम १४ च्याही, आधारे कोर्टात जाता येणार नाही. त्या आदेशातले ‘या कायद्याखाली’ एवढे दोन शब्द लक्षात ठेवावेत, पुढे त्यांनीच सगळा फरक पाडला. त्या काळातले सर्वांत काळे पान म्हणजे आसाम-बंगालमधली चिनी वंशाची कुटुंबे. सुमारे तीन हजार माणसे, त्यांत म्हातारी आणि तान्ही मुलेही, आगगाडीने राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेली गेली. माकुमच्या चहामळ्यांत त्यांच्या पिढ्या गेल्या होत्या. काहींना १९६७ पर्यंत सुटका नव्हती. याच देवळीत १९४१ मध्ये इंग्रजांनी जयप्रकाशांना आणि डांग्यांना ठेवले होते.

स्थानबद्धांचे अर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा बहुमताचा निकाल आपल्या साताऱ्याच्या गजेंद्रगडकरांनी लिहिला. हा मखनसिंग खटला, सप्टेंबर १९६३ चा. सुब्बारावांची भिन्नमतपत्रिका अधिक धीट होती हे मान्य. पण गजेंद्रगडकरांना कायम झोडपणारे एक विसरतात. आदेश दुष्ट हेतूने काढला असेल, किंवा कायद्याच्या चौकटीबाहेर गेला असेल, तर कोर्टाचे दार उघडेच आहे, हे त्यांनी स्वच्छ लिहून ठेवले. दोन वर्षांनी त्याच दारातून प्रभाकर पांडुरंग संझगिरी यांचे हस्तलिखित बाहेर आले.

संझगिरी हे कम्युनिस्ट कार्यकर्ते. नोव्हेंबर १९६२ मध्ये महाराष्ट्र सरकारने त्यांना भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध केले. तुरुंगात त्यांनी सरकारच्याच परवानगीने मराठीत एक पुस्तक लिहिले, ‘अणूच्या अंतरंगात’. विषय पदार्थविज्ञानाचा. सप्टेंबर १९६४ मध्ये त्यांनी अर्ज केला, की हस्तलिखित छापायला बाहेर पाठवू द्या. २७ मार्च १९६५ ला सरकारचे उत्तर आले, नाही. मग नाशिकरोड मध्यवर्ती कारागृहाच्या अधीक्षकांकडे अर्ज. तेथेही नाही. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्तींनी पुस्तकाची अनुक्रमणिका नजरेखालून घातली आणि हे निव्वळ शास्त्रीय पुस्तक आहे, देशाच्या संरक्षणाला यातून काडीचाही धोका नाही, अशी खात्री करून घेतली. सरकारने हस्तलिखित बाहेर जाऊ द्यावे, असा हुकूम दिला. आणि महाराष्ट्र सरकार या हुकुमाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले!

तिथे सरकारने काय मांडले ते नीट वाचावे, कारण तो युक्तिवाद आजही जिवंत आहे. स्थानबद्धांच्या वागणुकीबद्दल मुंबई सरकारचा १९५१ चा एक आदेश होता. पत्रे किती, भेटी किती, हे त्यात दिलेले. सरकारचे म्हणणे असे, की त्या आदेशात जेवढे दिले तेवढेच स्थानबद्धाचे. पुस्तक छापण्याचा हक्क त्यात लिहिलेला नाही, म्हणजे तो नाहीच. सुब्बारावांनी हे साफ उलटे केले. आदेशात असतात ती बंधने, सवलती नव्हेत. ज्यावर बंधन घातलेले नाही ते माणसाचे आधीपासूनचेच, तुरुंगाच्या दारात ते गळून पडत नाही. तुमचे म्हणणे मानायचे तर, त्यांनी लिहिले, आदेशात जेवणाचा उल्लेख नसेल तेव्हा कैद्याला उपाशी मारायलाही सरकार मोकळे होईल. आणि राष्ट्रपतींच्या आदेशाचे काय? तो फक्त ‘या कायद्याखाली’ केलेल्या कारवाईला लागू. कायद्याने न दिलेला अधिकार सरकारने वापरला, तर त्या आदेशाची ढाल मिळत नाही. हस्तलिखित बाहेर गेलेच पाहिजे.

निकालाची तारीख ६ सप्टेंबर १९६५. त्याच दिवशी भारतीय सेनेने आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडून लाहोरच्या दिशेने आघाडी उघडली. संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण. दुसऱ्या दिवशी, ७ सप्टेंबरला, त्याच सर्वोच्च न्यायालयाने राममनोहर लोहियांची स्थानबद्धता रद्द केली, कारण पाटण्याच्या जिल्हाधिकाऱ्याने कायद्यातल्या ‘सार्वजनिक सुव्यवस्थे’ऐवजी ‘कायदा आणि सुव्यवस्था’ लिहिले होते. ऐन रणधुमाळीतले हे दोन दिवस. त्यामुळे लाहोर आघाडीवरचा एकही रणगाडा थांबला नाही. युद्धात न्यायालयांनी मिटून घ्यावे म्हणणाऱ्यांनी या दोन तारखांचे काय करायचे ते सांगावे. मला अजून कुणी सांगितलेले नाही.

हा निकाल मी पहिल्यांदा वाचला तो ऑल इंडिया रिपोर्टरच्या १९६६ च्या खंडात, पान ४२४. नागपुरात छापल्या जाणाऱ्या या निवाडापत्राच्या जाड खंडांवर आमची पिढी वाढली. माझ्या ज्येष्ठांच्या चेंबरमध्ये भिंतभर ते खंड होते. आणीबाणीत मिसा या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली आत गेलेल्यांचे नातेवाईक येत, बहुतेक बायका; नवऱ्याला डबा मिळत नाही, पुस्तके परत आली, परीक्षेला बसू देत नाहीत. सुटकेचा अर्ज टिकेल की नाही ठाऊक नसे. पण ज्येष्ठ खंड उघडून म्हणत, सुटका राहू दे, आधी पुस्तके मागू, संझगिरी लाव. आणि १९७५ च्या त्या अंधारात अशा अर्जांवर उच्च न्यायालयांकडून काही ना काही पदरात पडत असे. वर्षाच्या अभ्यासाची पुस्तके आत पोहोचली की त्या घरात सणासारखे वाटे. या निकालाची किंमत मी तिथे शिकलो.

आणीबाणीत स्थानबद्धाला सुटकेसाठी कोर्टात जाता येत नाही असे सांगणारा २८ एप्रिल १९७६ चा जबलपूर निकाल आणि न्यायमूर्ती खन्नांचे एकाकी विरोधी मत यांवर पुन्हा काय लिहायचे? ते सगळ्यांना पाठ आहे. २०१७ मध्ये तो निकाल रीतसर पुसलाही गेला. माझ्या दृष्टीने त्याहून खोल जखम १९७७ च्या सुरुवातीची, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. निवडणुका जाहीर झाल्या होत्या, नेते सुटू लागले होते, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने स्थानबद्धांच्या वागणुकीबद्दलचे उच्च न्यायालयांचे हुकूमही रद्द केले. संझगिरी निकाल इथे लागू नाही, असे सांगितले. कारण? १९६२ चा राष्ट्रपतींचा आदेश सशर्त होता, १९७५ चा बिनशर्त. ‘या कायद्याखाली’ हे दोन शब्द नव्या आदेशातून गाळलेले होते. ज्याने कुणी तो मसुदा केला, त्याने संझगिरी निकाल बारकाईने वाचला असणार, असे मला नेहमी वाटते. तळपद्यांच्या वेळी भोक वटहुकुमाने बुजवले, या वेळी मसुद्यानेच.

आणि ते सारे टेकलेले होते कशावर? वृत्तपत्रांची पूर्वतपासणी ज्या नियम ४८ खाली झाली, तो १९७१ च्या भारत संरक्षण नियमांतला. बांगलादेश युद्ध १६ डिसेंबर १९७१ ला संपले, पण त्यासाठी ३ डिसेंबरला पुकारलेली बाह्य आणीबाणी कुणी उठवलीच नाही. ती मार्च १९७७ मध्ये, अंतर्गत आणीबाणीच्याही नंतर उठली. मिनू मसानींच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ मासिकाचा मजकूर रोखला गेला तेव्हा मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती मदन आणि कानिया यांनी सेन्सॉरला फेब्रुवारी १९७६ मध्ये ज्या शब्दांत त्याची मर्यादा दाखवली, तो निकाल प्रत्येक पत्रकाराने वाचायला हवा. आज वृत्तविद्येच्या अभ्यासक्रमात त्याचे नावही नसते. वकिलीचे विद्यार्थीही निकाल वाचत नाहीत, मोबाइलवर आलेला सारांश वाचतात. मराठी दैनिकांत एके काळी निकालाचा गाभा चार स्तंभांत समजावून देणारे वार्ताहर होते, त्यांची जागा ‘कोर्टाचा सरकारला दणका’ या मथळ्याने घेतली. दणका बसला की नाही, हे मात्र कुणी पाहत नाही.

पहिली आणीबाणी उठवण्याच्या सुमारास गृहमंत्री होते यशवंतरावच. ती उठण्याआधी अवघे काही दिवस, ३० डिसेंबर १९६७ ला, बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा अमलात आला. आज ज्याला आपण यूएपीए म्हणतो, तो हाच. आणीबाणीची गरज उरली नाही, कारण तिची कामे करणारा कायमचा कायदा तयार होता. २०२५ च्या मे महिन्यात पाकिस्तानशी चार दिवसांचा संघर्ष झाला तेव्हा कोणतीही आणीबाणी पुकारली गेली नाही. एका समाजमाध्यम कंपनीनेच जाहीर केले, की आठ हजारांवर खाती बंद करण्याचे आदेश तिला मिळाले. आणि पुण्यात एका विद्यार्थिनीला समाजमाध्यमावरच्या एका मजकुराबद्दल अटक झाली. मजकूर तिने काढून टाकला होता, माफीही मागितली होती. कॉलेजने तिचे ऐकून न घेता नाव काढले. परीक्षा तोंडावर होती. मुंबई उच्च न्यायालयाने सरकारला आणि कॉलेजला खडसावले, जामीन दिला, परीक्षेला बसू दिले. काही पेपर तोवर होऊन गेले होते. मला नाशिकरोडचे हस्तलिखित आठवले. तेव्हाही सरकारला भीती वाटत होती ती लिहिणाऱ्याची, लिहिलेले काय आहे हे पाहायची तसदी कुणी घेतली नव्हती.

१९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने पुष्कळ चांगले केले. आता आणीबाणीतही कलम २० आणि २१ गोठवता येत नाहीत. पण त्याच दुरुस्तीचे कलम ३ आहे, प्रतिबंधक स्थानबद्धतेबद्दलचे. सल्लागार मंडळाशिवाय स्थानबद्ध ठेवण्याची मुदत तीन महिन्यांवरून दोनवर आणायची, मंडळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीने नेमायचे, त्याचे अध्यक्षपद कार्यरत न्यायाधीशाकडे द्यायचे. संसदेने ते मंजूर केले, राष्ट्रपतींची संमती १९७९ मध्ये मिळाली. अमलात आणायला राजपत्रात अधिसूचना हवी होती. ती आजतागायत निघालेली नाही. मिसाखाली तुरुंगात गेलेल्या जवळजवळ प्रत्येक पक्षाला त्यानंतर दिल्लीत सत्ता मिळाली. महाराष्ट्र सरकार मिसाबंदींना दरमहा मानधन देते, आणि ते त्यांचे देणेच आहे. त्याच सरकारने विधिमंडळात ठराव करून केंद्राकडे ही अधिसूचना मागावी.